दर्यातल्या कबरी

मुंबईत मस्जिद बंदर भागात ‘इंडियन सेलर्स होम’ ही खलाशांसाठी बांधलेली जुनी वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे तेथे धातूच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नावांची एक स्मृतिवही आहे. तिची एक प्रत मुंबईत, तर दुसरी चितगावला ठेवलेली आहे. या नावांच्या माणसांना कबर नाही. त्यांची कबर म्हणजे समुद्र.

आम्ही कोकणातले मुसलमान हा इतिहास आपला म्हणून फारसा सांगत नाही. युद्धापूर्वीच्या हिंदी नौदलात शिपाई आणि खलाशी भरती व्हायचे ते मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. आजचा आमचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. सारंग, तांडेल, खलाशी, आगवाला हे शब्द आमच्या घरांत कोशातून आले नाहीत. ते बापजाद्यांच्या नोकरीतून आले. खारेपाटण, विजयदुर्ग, मालवण, बांदा या बाजूच्या जुन्या घरांतून आजही एखादा आजोबा, एखादा चुलत चुलता असा निघतो की त्याच्याबद्दल घरात एवढेच सांगतात, ‘तो बोटीवर गेला, परत आला नाही.’

‘वारला’ असे कोणी म्हणत नाही, ‘परत आला नाही’ असेच म्हणतात. या दोन बोलांत जे अंतर आहे त्याचाच हा लेख आहे.

मुसलमानाच्या घरी मौत झाली म्हणजे काय करायचे ते ठरलेले आहे. गुस्ल, कफन, जनाजाची नमाज, दफन, आणि शेवटी प्रत्येकाने कबरीवर टाकलेली तीन मूठ माती. या एकेका पायरीने दुःखाला वाट मिळते. माती देऊन परतलेल्या माणसाचे रडणे थांबत नाही, पण आपल्या हातून शेवटचे काही तरी घडले एवढा आधार त्याला असतो. ज्याचा माणूस दर्यात गेला त्याच्या वाट्याला हा आधार येत नाही. देह नाही, म्हणून गुस्ल नाही, आणि माती टाकायला कबरही नाही. शिवाय मन एकच प्रश्न कुरतडत राहते. कोणी सांगावे, एखाद्या दुसऱ्या बोटीने उचलला असेल! अशा दुःखात ईश्वराकडून उमेद धरायची म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर कुरआनातील सूरे यूसुफमध्ये आहे. हजरत याकूब (अ.) यांचे दुःख अगदी याच जातीचे होते. मुलगा गेला, पण देह मिळाला नाही. पुढे आला तो रक्त लावलेला सदरा. पुत्र मेला म्हणावे तर खूण खोटी, जिवंत म्हणावे तर पत्ता नाही. वर्षे गेली, दुसरा मुलगाही दुरावला, आणि दुःखाने त्या बापाचे डोळे पांढरे पडले.

मागे एकदा सातवीच्या वर्गात हा किस्सा सांगत असताना एका मुलीने आम्हांला विचारले, ‘सर, ते तर नबी होते. त्यांना सब्र होता, मग डोळे जाईपर्यंत रडले कसे?’ प्रश्न लहान मुलीचा, पण आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक मोठ्यांना तो पडत नाही. मयतीच्या घरी जाऊन आपण पहिले वाक्य काय बोलतो? ‘सब्र करा, रडू नका, अल्लाहची मर्जी.’ जणू सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणे, आणि ज्याचे डोळे ओले त्याचा ईमान कच्चा!

सूरे यूसुफ वाचली तर हे टिकत नाही. मुले बापाला म्हणतात की यूसुफची आठवण काढता काढता तुम्ही झिजून जाल. याकूब (अ.) त्यांना सांगतात की मी माझे दुःख आणि माझी व्यथा फक्त अल्लाहपाशी मांडतो. म्हणजे तक्रार आहे, ती दाबलेली नाही. फक्त ती ज्याच्याकडे न्यायची त्याच्याकडे नेली आहे. लगेच पुढच्याच आयतीत ते मुलांना हुकूम करतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. आधी शोध घ्यायचा हुकूम आहे, मग निराश न होण्याचा. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. उमेद म्हणजे ओसरीवर बसून वाट पाहणे नव्हे. डोळे गेलेला बाप मुलांना रस्त्याला लावतो आहे.

ही सूरत मक्केतील अखेरच्या काळातली मानली जाते. तो काळ प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासाठी कसा होता हे सीरतीची पुस्तके सांगतात. पैगंबरीच्या दहाव्या वर्षी, इ. स. ६१९ च्या सुमारास, आधार देणारे चुलते अबू तालिब गेले आणि थोड्याच अंतराने हजरत खदीजा (रजि.) गेल्या. पंचवीस वर्षांचा संसार संपला. या वर्षाला इतिहासाने ‘आमुल हुज्न’, दुःखाचे वर्ष, असे नाव दिले. ज्या धर्माच्या इतिहासात एका अख्ख्या वर्षाचे नावच दुःख आहे, त्या धर्मात दुःख करणे हा गुन्हा कसा असेल?

त्याच वर्षात ताइफचा प्रवास घडला. मक्केत आधार उरला नाही म्हणून प्रेषित (स.) तेथे गेले, तर शहरातल्या पोरांनी दगड मारून पाय रक्तबंबाळ केले. एका बागेच्या भिंतीशी टेकून त्यांनी जी दुआ केली, तीत आपल्या दुबळेपणाची तक्रार अल्लाहकडेच केली. पुन्हा तेच, तक्रार आहे आणि तिचा पत्ता बरोबर आहे. त्या वेळी बागवाल्यांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाकरवी द्राक्षांचा घोस पाठवला. बोलता बोलता कळले की अद्दास निनवे शहराचा. प्रेषितांनी (स.) लगेच ओळख काढली, तो तर हजरत यूनुस (अ.) यांचा गाव! समुद्रात फेकले गेलेले, माशाच्या पोटातल्या अंधारातून रब्बाला हाक मारणारे ते यूनुस. दुःखाच्या त्या सर्वांत काळ्या दिवशी मदत आली ती अशी, एका परक्या धर्माच्या गुलामाच्या हातून आणि घोसभर द्राक्षांच्या रूपाने. शहर जिंकले गेले नाही, गेलेले परत आले नाहीत. पण त्या दिवशी पुढे चालायला तेवढे पुरले.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे. अरबस्तानाशी असलेल्या समुद्री व्यवहारातून हा मसलक आपल्याकडे आला. भटकळ, केरळ, पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया असा हिंदी महासागराच्या काठाकाठाने तो पसरलेला दिसतो. या मसलकात गायबाना नमाजे जनाजा जायज आहे, म्हणजे मयत समोर नसतानाही नमाज पढता येते. आधार आहे तो हब्शाचा बादशहा नजाशी याच्या नमाजेचा. तो दूर हब्शात वारला आणि प्रेषितांनी (स.) मदिनेत सफा उभ्या करून त्याच्यासाठी नमाज पढली. हनफी आणि मालिकी फकीहांनी ही गोष्ट त्या एका प्रसंगापुरती खास मानली. शाफई व हंबली फकीहांनी ती सर्वांसाठी खुली मानली.

पण बुडालेल्यांच्या बाबतीत पेच पडला. गुस्लाशिवाय नमाज कशी? देह खोल पाण्यात असेल आणि काढताच येत नसेल तर काय? काही जुन्या शाफई फकीहांनी म्हटले, गुस्ल नाही तर नमाजही नाही. नंतरच्या काही आलिमांनी हे मान्य केले नाही. त्यांनी फिकहचा एक जुना कायदा पुढे केला. जे करणे अवघड झाले त्यापायी जे करता येते ते सुटत नाही. गुस्ल देता येत नाही, ठीक. पण दुआ तर करता येते, सफ तर उभी करता येते! मग ती का सोडायची?

आम्हांला वाटते, दुःखात सापडलेल्या माणसासाठी याहून मोठे शहाणपण नाही. हा केवळ नमाजेचा मसला नव्हे. जे गेले ते आपल्या हातचे गेले. पण त्यापायी जे अजून हातात आहे ते सोडायचे नाही. हदीसमध्ये पाण्यात बुडून मेलेल्याला शहिदांत गणले आहे हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असते. त्या दिलाशाबरोबर आलिमांची ही बारीक चर्चाही ठाऊक असावी. विद्वान लोक शेकडो वर्षे डोके खाजवत बसले ते कोणासाठी? आपला माणूस परत न आलेल्या, नाव-गाव नसलेल्या बायाबापड्यांसाठीच.

बायांचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. नवरा बेपत्ता झाला तर बायकोने किती थांबावे? हनफी मताप्रमाणे त्याच्या वयाची माणसे मरून जातील इतका काळ थांबावे, आणि काहींनी तर नव्वद वर्षांच्या वयाचा हिशेब धरला. शाफई मसलकातही नंतरचे मत मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबण्याचेच. म्हणजे पंचविशीतल्या बाईने जन्मभर ना विधवा ना सवाष्ण असे राहायचे. मालिकी मसलकात मात्र, हजरत उमर (रजि.) यांच्या निवाड्याला धरून, चार वर्षांची मुदत आणि मग चार महिने दहा दिवसांची इद्दत सांगितली आहे. विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी, स्वतः हनफी असून, ‘अल-हीलतुन्नाजिजा’ या ग्रंथात अशा बायांसाठी मालिकी मताचा आधार घेण्याची वाट मोकळी केली. पुढे मुहम्मद अहमद काजमी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला न्यायालयात दाद मागता येते, हे त्यातले पहिले कलम.

या कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. बेपत्ता नवऱ्याच्या कारणावरून मिळालेला निवाडा लगेच अमलात येत नाही, सहा महिने थांबतो. त्या मुदतीत नवरा हजर झाला आणि नांदवायची तयारी त्याने न्यायालयाला पटवून दिली, तर निवाडा रद्द होतो. पाहा, कायद्यासारख्या रुक्ष गोष्टीनेसुद्धा उमेदीला सहा महिन्यांची जागा ठेवली, पण तिला जन्मठेप होऊ दिली नाही. वाट पाहण्यालाही एक हद्द असावी आणि त्या हद्दीपलीकडे जगणे पाप नसावे, हीही रहमतच आहे.

दर्यावरच्या दुःखात आमच्या किनाऱ्याच्या आठवणीतले सर्वांत मोठे नाव ‘रामदास’ बोटीचे. गुरुवार, १७ जुलै १९४७. सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. कोकणी माणूस जिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणे त्या स्वदेशी कंपनीची ही बोट. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाल्या होत्या. ‘रामदास’चे कप्तान होते शेख सुलेमान. तो गटारी अमावस्येचा दिवस, बोट घरी निघालेल्या माणसांनी भरलेली. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, भेदरलेले लोक एका बाजूला धावले आणि अर्ध्या-पाऊण तासात सारे संपले. सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे बातमी मुंबईला पोहोचेपर्यंत दिवस कलला.

आषाढ ज्या अमावस्येने संपला, तिच्याच पाठोपाठच्या चंद्राने त्या वर्षीचा रमजान लागला. वीस जुलैच्या सुमारास रोजे सुरू झाले आणि त्याच रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी, १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र झाला. देश जल्लोषात असताना किनाऱ्यावरची कित्येक घरे अंधारात होती. कोणाचा श्रावण तसा गेला, कोणाचा रमजान. लाटेने धर्म विचारला नव्हता. ज्यांचे जीव वाचले त्यांतल्या पुष्कळांना रेवसच्या कोळ्यांनी वाचवले. मासळी घेऊन मुंबईला निघालेले ते लोक. त्यांनी मासळी पाण्यात टाकली आणि माणसे उचलली. ताइफच्या द्राक्षांची आठवण येथे व्हावी. दुःखात रब्बाची मदत पुष्कळदा अशी माणसाच्या हातानेच येते, आणि तो हात कोणाचा असेल ते आपण ठरवत नाही.

अशा दुर्घटनांनंतर एक बोलणे हटकून ऐकू येते. ‘पाप फार झाले होते, कोप झाला.’ गटारीचा दिवस म्हटल्यावर तर बोलणाऱ्यांना आयते निमित्त. याबाबतीत सीरतीतील एक प्रसंग सांगायलाच हवा. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम दीड वर्षाच्या आतबाहेर वयाचे असताना वारले. प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून पाणी वाहिले. ते म्हणाले की डोळा रडतो, मन दुःखी होते, पण रब्बाला नाराज करील असे तोंडून काढत नाही. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पाहा, पैगंबराच्या लेकराच्या मरणाने सूर्यही काळवंडला. किती सोयीची गोष्ट होती! पण प्रेषितांनी (स.) त्या दुःखाच्या घडीलाही लोकांना सांगितले की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. स्वतःच्या मुलाच्या मरणाला ज्यांनी आकाशाशी जोडू दिले नाही, त्यांची उम्मत बुडालेल्यांच्या मरणाला त्यांच्या पापाशी जोडते हे कसे चालेल? ‘रामदास’ बुडाली तिची कारणे पावसाळी समुद्रात, गर्दीत आणि यंत्रणा नसण्यात शोधायची. उंट आधी बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण आम्ही वर्गात सांगतो. बोटीवर पुरेशी लाइफ जॅकेट नसताना ‘अल्लाह मालिक’ म्हणणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

हे सर्व जुने झाले असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळात कोकणचे मच्छीमार बेपत्ता झाले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तरहून अधिक कामगार गेले. काही देहांची ओळख डीएनए तपासणीनेच पटवावी लागली. आम्ही राहतो ते सिंधुदुर्गनगरी, म्हणजे ओरोस, काही किनाऱ्यावर नाही. मालवणचा समुद्र येथून तीसेक किलोमीटरवर. पण जिल्ह्याचे मुख्यालय असल्याने दर्याचे दुःख अखेर येथेच कागद होऊन येते. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला भरपाईचा अर्ज द्यायचा असतो, कोणाला वारसाची नोंद करायची असते. बेपत्ता माणसाची सात वर्षे खबर नसेल तर तो मृत मानता येतो, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातील तरतूद नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. पण अर्ज भरणाऱ्या आईला ‘मृत’ या रकान्यात खूण करताना काय होत असेल! तो रकाना भरला म्हणजे आपणच लेकराला मारले, असे तिला वाटते. अशा वेळी तिच्या शेजारी बसून, ‘ही खूण म्हणजे उमेद सोडणे नव्हे, उरलेल्या लेकरांच्या हक्काची ही वाट आहे,’ असे समजावणारे माणूस लागते. जे अवघड झाले त्यापायी जे करता येते ते सुटत नाही, हा फिकहचा कायदा येथे टेबलाच्या या बाजूलाही लागू पडतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या वर्गात बाप बोटीवर, बाप आखातात, भाऊ मुंबईत अशी मुले नेहमी असतात. फोन वेळेवर आला नाही तर दुसऱ्या दिवशी मुलाचे पाढे चुकतात. त्यांना आम्ही उमेदीचे काय शिकवावे? अब्बा नक्की येतील असे वचन आम्ही देऊ शकत नाही. ते देणे आमच्या हातात नाही. पण एवढे शिकवू शकतो की रडू येणे म्हणजे ईमान जाणे नव्हे. रडताना हाक कोणाला मारायची ते ठाऊक असावे. आणि हाक मारून झाली की उठावे, शोध घ्यावा, अर्ज लिहावा, नमाजेची सफ धरावी, शेजारच्या घरी दोन भाकऱ्या न्याव्यात.

मयतीच्या घरी, विशेषतः दर्यात माणूस गेलेल्या घरी, आपण पुढच्या वेळी जाऊ तेव्हा ‘रडू नका’ हे वाक्य बाहेर चपलांपाशी ठेवून जाऊ. आत बसून त्या माणसाचे नाव घेऊ. त्याच्या गोष्टी विचारू. गायबाना नमाज राहिली असेल तर मस्जिदीत आलिमांना विचारून ती ठेवण्याची व्यवस्था करू. त्याच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांची चौकशी करू. आपल्या घरात ‘परत आला नाही’ म्हणून राहिलेले जुने नाव असेल तर मुंबईला गेल्यावर मस्जिद बंदरच्या त्या वहीत ते शोधून पाहू. सापडले तर तेथे उभे राहून फातिहा पढू, नाही सापडले तरी पढू. कबर कोठे आहे हे आपल्याला माहीत नसेल, पण ज्याच्या पाण्यात ती आहे त्याला ती माहीत आहे.